ऊन मसालेदार द्राक्षमद्य

प्रश्न : नाताळच्या बाजारात प्यालेली ‘ग्लूवाइन’ मी घरी करून पाहिली, अर्धा तास खळखळून उकळली, तरी ती कडवट व निःसत्त्व झाली. चूक कोठे झाली?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : आपली हकिकत वाचता दोष मद्याचा नसून विस्तवाचा दिसतो, कारण शुद्ध मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसलाच उकळत असल्याने, खळखळत्या पातेल्यातून मद्याचे सत्त्व व सुगंध वाफेबरोबर निघून जातात, आणि लवंगेचा व संत्र्याच्या सालीचा कडवटपणा तेवढा शिल्लक राहतो. यास्तव प्रथम अर्धा पेला पाण्यात चार चमचे साखर, दालचिनीचे दोन तुकडे, चार लवंगा व एक चक्रीफूल दहा मिनिटे उकळून पाक करावा. मग त्यात साध्या, अगोड तांबड्या वाइनची ७५० मिलिलिटरची बाटली व संत्र्याच्या चार चकत्या घालून, पृष्ठभागावर वाफेची पुसट रेघ उमटताच, पहिला बुडबुडा फुटण्यापूर्वी, आच बंद करावी आणि झाकण ठेवून वीस मिनिटे मुरू द्यावे. नंतर गाळून प्यावे. मसालेभातात लवंगा टाकणारा आपला सढळ हात येथे मात्र आवरावा, हे सांगणे नलगे.