मुक्तद्वार

युरोप खंडाच्या उत्तरेस फिनलंड नावाचा देश आहे. हेलसिंकी ही त्याची राजधानी. तेथील हिवाळा मोठा दीर्घ असतो. ऐन डिसेंबरात सूर्य जेमतेम सहा तास दर्शन देतो आणि पुन्हा क्षितिजाआड जातो. अशाच एका हिवाळ्यात, १९९१ सालच्या आरंभी, विद्यापीठात शिकणाऱ्या एका एकवीस वर्षांच्या तरुणाने हप्त्याने पैसे फेडण्याच्या बोलीवर एक संगणक विकत घेतला. त्या तरुणाचे नाव लिनस टॉरव्हाल्ड्स. त्याचे आजोबा संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. लिनस लहान असताना ते त्याला मांडीवर बसवून आपल्या छोट्या संगणकावर आज्ञा लिहावयास लावीत. संगणकाची गोडी त्याला लागली ती तेव्हापासून.

संगणक हे यंत्र आपण होऊन काहीच करीत नाही. काय करावयाचे हे त्याला क्रमवार सांगावे लागते. अशा क्रमवार आज्ञांच्या समूहास आज्ञावली म्हणतात. पत्र लिहिण्याची आज्ञावली निराळी, चित्र काढण्याची निराळी, खेळाची निराळी. या सर्वांना एका घरात नांदवावयाचे म्हणजे घराला एक कारभारी हवा. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, लिहिलेला मजकूर जपून ठेवणे, एकाच वेळी चाललेल्या दहा कामांना यंत्राचा वेळ वाटून देणे, ही सारी व्यवस्था हा कारभारी पाहतो. त्याला संचालन प्रणाली असे नाव आहे आणि तिच्या अगदी आतल्या भागास गाभा म्हणतात.

विद्यापीठातील संगणकावर युनिक्स नावाची उत्तम प्रणाली होती. परंतु तिची किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची होती. ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी १९८७ साली शिकवण्याच्या सोयीसाठी मिनिक्स नावाची छोटी प्रणाली रचली होती. लिनसने ती आणली. पण तिच्यात त्याला अनेक उणिवा जाणवल्या. घरबसल्या विद्यापीठाच्या संगणकाशी जोडले जाता यावे, एवढ्यासाठी त्याने स्वतःच एक आज्ञावली लिहावयास घेतली. एकेक गरज निघत गेली, एकेक भाग जोडला गेला आणि पाहता पाहता ती आज्ञावलीच एका नव्या प्रणालीचे रूप घेऊ लागली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना ही वार्ता कळवली. हा केवळ आपला छंद आहे, यातून काही मोठे उभे राहील अशी अपेक्षा नाही, असे त्याने विनयाने लिहिले होते. सप्टेंबर महिन्यात सुमारे दहा हजार ओळींची ती पहिली आवृत्ती त्याने कोणालाही घेता येईल अशी खुली ठेवली. पुढे ती लिनक्स या नावाने प्रसिद्ध झाली. लोक मोबदला देऊ लागले, तेव्हा पैशांऐवजी आपापल्या गावचे चित्रकार्ड पाठवा, असे त्याने सुचवले. देशोदेशींची कार्डे त्याच्या घरी येऊन पडू लागली!

या कथेचा दुसरा धागा अमेरिकेत आहे. रिचर्ड स्टॉलमन हे एका विख्यात तंत्रविद्यासंस्थेत संशोधक होते. तेथील छपाईयंत्रात कागद वारंवार अडकत असे. यंत्राची आज्ञावली हाती आली असती, तर त्यांनी तीत सुधारणा करून सर्वांची गैरसोय कमी केली असती. परंतु ज्याच्यापाशी ती होती, त्याने गुप्ततेचे वचन दिले असल्यामुळे ती दाखवण्यास नकार दिला. स्टॉलमन यांना ही गोष्ट फार लागली. ज्ञान लपवून ठेवल्याने शेजाऱ्यास साहाय्य करणेच अशक्य होते, हे त्यांच्या मनाने घेतले. १९८३ साली त्यांनी ग्नू नावाची सर्वस्वी मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९८९ साली तिच्यासाठी एक परवाना सिद्ध केला. आज्ञावली कोणीही वापरावी, आतून तपासावी, हवी तशी बदलावी आणि इतरांना द्यावी, हे त्याचे सार. अट एकच: जो ती पुढे देईल, त्याने तिचे मूळ लेखन व हेच सारे हक्क घेणाऱ्यालाही दिले पाहिजेत.

ग्नूची इतर साधने तयार होती. पण तिचा गाभा सिद्ध झाला नव्हता. लिनसपाशी गाभा होता. पण भोवतालची साधने नव्हती. १९९२ साली लिनसने आपल्या कृतीस हाच परवाना लावला आणि दोन्ही अर्धी एकत्र आली. मग देशोदेशींचे जाणकार त्या कामात उतरले. कोणी चूक दाखवली, कोणी ती दुरुस्त केली, कोणी नवे यंत्र जोडून दिले. मार्च १९९४ मध्ये गाभ्याची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली.

तरीही सामान्य माणसाच्या मेजावर लिनक्स सहजासहजी आले नाही. आरंभी काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागत. ही अडचण दूर करण्यासाठी जर्मनीत १९९६ साली केडीई आणि मेक्सिकोत १९९७ साली ग्नोम या उपक्रमांचा आरंभ झाला. त्यांच्यामुळे चित्रे, चौकटी व बाण यांच्या साहाय्याने काम करणे शक्य झाले. गाभा, साधने व पडदा यांची जुळणी करून लोकांच्या हाती देणारे डेबियन, उबुंटू यांसारखे संच निघाले. भारतातही पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली बॉस नावाचा असा एक संच भारतीय भाषांच्या सोयींसह तयार केला. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांवर २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून लिनक्सच आहे. मात्र घरगुती संगणकांवर विंडोज या प्रणालीचेच प्राबल्य राहिले. कारण नवा संगणक बहुधा तीसह विकला जाई आणि खेळही तिच्यासाठीच लिहिले जात.

खेळांची अडचण सर्वांत बिकट होती. खेळाची आज्ञावली आपल्या कारभाऱ्याशी त्याच्याच भाषेत बोलते. कारभारी बदलला, की तिचे बोलणे कोणास कळेनासे होते. यावर उपाय म्हणजे दुभाषी. १९९३ साली काही स्वयंसेवकांनी वाइन नावाचा असा दुभाषी रचावयास घेतला. खेळाने विंडोजच्या भाषेत काही मागितले, की वाइनने तेच लिनक्सच्या भाषेत मागावे आणि उत्तर परत पोचवावे, अशी ही योजना. दुभाष्याला हजारो शब्द शिकावयाचे होते आणि शिकवणारा कोणी नव्हता. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघावयास २००८ साल उजाडले. पंधरा वर्षे हे काम नेटाने चालू होते.

अमेरिकेतील व्हॉल्व्ह ही कंपनी संगणकीय खेळांचा व्यापार करते. तिने २०१५ साली लिनक्सवर चालणारी खेळयंत्रे बाजारात आणली. पण ती चालली नाहीत. खेळणारे नाहीत म्हणून कोणी खेळ लिहीना आणि खेळ नाहीत म्हणून खेळणारे येईनात! हा पेच वाइननेच सोडवला. तिच्यावर आधारलेला प्रोटॉन नावाचा अधिक चपळ दुभाषी व्हॉल्व्हने २०१८ साली प्रसिद्ध केला आणि त्याचे मूळ लेखनही सर्वांस खुले ठेवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे दोन्ही हातांत धरून खेळावयाचे यंत्र आले. त्याचा पडदा सात इंची आणि वजन पाऊण किलोहूनही कमी. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ त्यावर लिनक्सच्या कारभाराखाली चालू लागले. त्यालाच मोठा पडदा व कळफलक जोडला, की केडीईचे मेज समोर उलगडते आणि खेळणे बाजूस ठेवून निबंध लिहिता येतो. या यंत्रासाठी झालेल्या सुधारणांचा मोठा भाग खुला असल्याने घरच्या साध्या संगणकासही त्याचा लाभ झाला.

लिनक्स वापरताना अडचणी येतच नाहीत, असे नाही. अनेकांनी मिळून खेळावयाचे काही खेळ त्यावर चालत नाहीत. कारण त्यांतील लबाडी रोखणारे पहारेकरी या प्रणालीस आत घेत नाहीत. काही उपकरणे व काही व्यावसायिक आज्ञावल्याही त्याच्याशी जुळत नाहीत. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नित्याचा सांभाळ थांबला, तेव्हा नव्या आवृत्तीस अपात्र ठरलेले कितीतरी धडधाकट संगणक अडगळीत जाण्याची वेळ आली. अशा संगणकांना लिनक्समुळे पुन्हा कामास लावता येते.

यंत्र विकत घेतले म्हणजे ते पुरते आपले होते काय? ज्याच्या आत डोकावण्यास मनाई आहे, ज्याचे आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्यावर आपली सत्ता अपुरीच असते. एखाद्या गावी मुक्तद्वार भोजन असले, की येणाऱ्यास कोणी नावगाव विचारीत नाही. जेवून उठलेला माणूस मग आपण होऊन वाढावयास उभा राहतो आणि पंगत पुढे चालू राहते. हेलसिंकीच्या त्या अंधाऱ्या खोलीतून निघालेले काम आज एखाद्या मुलाच्या तळहातावर खेळ होऊन उजळते, ते अशाच वाढणाऱ्या हातांमुळे. खेळ संपल्यावर त्या मुलाला आत काय आहे ते पाहावेसे वाटले, तर लिनक्सचे मूळ लेखन त्याच्यासाठी खुले आहे.

स्वाध्याय

१. संचालन प्रणालीस कारभारी का म्हटले आहे? सोदाहरण सांगा.
२. छपाईयंत्राच्या प्रसंगाने स्टॉलमन यांच्या मनावर कोणता परिणाम झाला?
३. २०१५ सालची खेळयंत्रे का चालली नाहीत? तो पेच पुढे कसा सुटला?
४. 'मुक्तद्वार' हे शीर्षक या पाठास कसे शोभते, ते आठ-दहा ओळींत लिहा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : आवाक्याबाहेर असणे, मनाने घेणे, पाहता पाहता.
६. तुमच्या घरी किंवा शाळेत अडगळीत पडलेली एखादी वस्तू पुन्हा उपयोगात कशी आणता येईल, याविषयी वर्गात चर्चा करा.