दारचा मळा आणि चैत्री वारी

॥ रामकृष्णहरि ॥

माघी एकादशीचे भजन आटोपून आम्ही अंबरनाथहून परत निघालो, तेव्हा एका माउलींनी वाटेत थांबवून प्रश्न केला. म्हणाल्या, "बुवा, सावता महाराज कधी पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले. मग मी माझी भेंडी-काकडी उन्हात टाकून चैत्रीला कशाला जाऊ? चार दिवसांत सगळं वाळून जाईल!" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दारी, गच्चीवर, गॅलरीत चार कुंड्या लावणारी वारकरी घरे बरीच आहेत. म्हणून त्याचा विचार येथे सावकाश करू.

प्रथम सावतोबांविषयी. माढा तालुक्यातील अरण हे त्यांचे गाव. शके १२१७ (इ.स. १२९५) आषाढ वद्य चतुर्दशीस ते तेथेच समाधिस्थ झाले. त्यांचे अवघे ३७ अभंग आज उपलब्ध आहेत, ते काशीबा गुरव यांनी लिहून ठेवले असे सांगतात. सावतोबा पंढरीस गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, ही परंपरेची कथा आपण सर्व जाणतो. इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात, अरणला मात्र पांडुरंगाची पालखी येते. पण या कथेतून जो कोणी "जायला नको" एवढेच उचलतो, त्याने अर्धीच कथा ऐकली. सावतोबा घरी राहिले ते आळसाने नव्हे. मोट, पाट, खुरपे यांत त्यांनी कसूर केली नाही, आणि नामही सोडले नाही. तेव्हा त्यांचे नाव घेऊन मळा करायचा तर मळा नीट करावा. तो नीट केला म्हणजे वारीचे उत्तर आपोआप सापडते.

आपल्या भागात फाल्गुन-चैत्रात ऊन फार. बदलापुराकडे पारा चाळीस अंशांपर्यंत चढतो. नव्या इमारतींच्या भोवती भराव मुरमाचा, त्यात पाणी टिकत नाही. म्हणून आधी माती करावी. एक वाटा माती, एक वाटा चांगले कुजलेले खत, एक वाटा वाळू अगर नारळाचा भुसा. खत विकतच घ्यावे असे नाही. भाजीची साले व सुका पाला भोके पाडलेल्या बादलीत थरावर थर घालून ठेवला की दोन-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत होते. देवाचे निर्माल्यही त्यातच जाऊ द्यावे, मात्र दोरा व प्लॅस्टिक काढून. नदीत सोडण्यापेक्षा ही त्याची गत बरी.

पेरणी माघ वद्यात, फार तर फाल्गुनाच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. भेंडीचे बी रात्रभर भिजवून बोटाच्या पेरभर खोल लावावे. साधारण दीड महिन्यात भाजी हाती येते. ती एक दिवसाआड तोडावी, ठेवली की जून होते आणि झाड फळणे थांबवते. पाने पिवळ्या शिरांची, जाळीदार झाली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला रोग समजावा आणि ते झाड मोह न धरता उपटावे. गवार कमी पाण्यावर भागवते. लाल माठाचे बी बारीक, म्हणून चिमूटभर राखेत किंवा वाळूत मिसळून फेकावे; महिन्याभरात पहिली कापणी. काकडी, दोडका, कारले यांना दोरीचा मांडव लागतो. उंच इमारतीवर मधमाशा थोड्या येतात, मग फुले नुसतीच गळतात आणि लोक बियाण्याला दोष देतात! मागे इवलेसे फळ असते ते मादीफूल. सकाळी नरफूल तोडून त्याचा पराग तिला लावावा, म्हणजे काम झाले. काकडी कडू निघते तीही बहुधा ऊन आणि पाण्याच्या ताणाने.

फळझाडांत पपईला जागा थोडी पुरते, पण तिच्या बुडाशी पाणी साचता कामा नये. कागदी लिंबू पिंपात होते. त्याला मात्र काही वर्षांचा धीर हवा. शेवग्याची हात-दीड हाताची फांदी जमिनीत रोवली तरी फुटते. जांभळाचा वृक्ष मोठा, तो कुंडीत कोंडू नये. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. आवारात मोकळी जागा असेल तर सोसायटीने मिळून एक झाड लावावे, नातवंडे खातील.

आता पाण्याविषयी, आणि हे आम्ही जरा कठोरपणे सांगणार आहोत. शके ९८२ (इ.स. १०६०) चे अंबरनाथाचे शिवालय ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, तिच्यात आज कारखान्यांचे व गटारांचे पाणी वाहते. टंचाईच्या दिवसांत "पाणी ते पाणी" म्हणून नाल्याचे पाणी भाजीला कोणी घालू नये. त्यातील विषारी धातू मुळांवाटे पानांत शिरतात. वरून धुतलेली भाजी आतून शुद्ध होत नाही. जी भाजी नैवेद्याच्या ताटात वाढायची, लेकरांच्या तोंडी घालायची, ती कोणत्या पाण्यावर वाढली हे पाहणे हेही सोवळेच आहे. नळाला पाणी कमी असेल तर तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी साठवून वापरावे. साबणाचे नको.

पाणी सकाळी द्यावे. मातीत दोन पेरे बोट घालावे, आत ओल लागली तर त्या दिवशी देऊ नये. बुडाशी सुक्या पाल्याचा जाड थर पसरला की ओल धरून राहते.

हे शहाणपण आम्हांस आधीपासून होते असे नाही. एका वर्षी मायेपोटी दोन्ही वेळ पाणी घालून आम्ही मिरची कुजवली. पुढल्या वर्षी चैत्रीला गेलो आणि परत येऊन पाहतो तो काकडीचा वेल दोरीसारखा वाळलेला. उल्हासनगरात आमच्या शेजारी एक सिंधी आजी राहतात, सगळे त्यांना दादी म्हणतात. त्या म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर मी नसतं का घातलं पाणी?" आम्ही खरेच ओशाळलो. देवाला भेटायला शंभर कोस गेलो, आणि भिंतीपलीकडच्या माणसाला एक शब्द विचारला नव्हता.

तेव्हापासून आमची रीत ठरली. साधे, रंग न दिलेले मातीचे मडके मोठ्या कुंडीत अगर वाफ्यात गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरायचे, वर झाकणी ठेवायची म्हणजे डास होत नाहीत. मडके पाझरते आणि वीतभर अंतरावरची मुळे लागेल तेवढेच पाणी ओढतात. दोन-तीन दिवस सहज निभतात. तिसऱ्या दिवशी दादी मडकी भरतात, आणि त्या दिवसांची भेंडी त्यांच्या घरी जाते. सावतोबांच्या मळ्याला गोरोबांच्या मडक्याची जोड मिळाली, असे आम्ही गमतीने म्हणतो.

तेव्हा माउली, आमचे उत्तर असे. चाकरी, आजारपण, म्हातारी माणसे यांमुळे जाणे घडत नसेल तर खंत करू नका. कुंडीपाशी बसून नाम घ्या, अरणची वाट तीच आहे. पण पाय चालत असतील आणि केवळ भेंडी वाळेल म्हणून वारी चुकवत असाल, तर मडके पुरा, शेजारणीला हाक मारा आणि निघा. मळा आपला म्हणून आपण त्याच्यात अडकलो, तर तो सावतोबांचा मळा राहिला नाही. आषाढीच्या वारीला तर एवढीही काळजी नको. ज्येष्ठ वद्यात पालख्या निघतात तेव्हा पाऊस बहुधा आलेला असतो. फक्त कुंड्यांची खालची भोके मोकळी करून जा.

परत आल्यावर पहिली तोडणी देवापुढे ठेवा, दुसरी शेजारी द्या. उरेल ती गोड लागेल.

॥ रामकृष्णहरि ॥