रातांब्याची उभी व आडवी वाढ : कलमासाठी काडी कोणती घ्यावी?

सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात तसेच कोकण व गोव्यातील परसांतून आढळणारा रातांबा, म्हणजेच कोकम किंवा भिरंड, सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच्या वाढीचा एक विशेष पुष्कळांच्या ध्यानात येत नाही व त्यामुळे कलमे लावूनही पुढे पश्चात्ताप होतो.

या झाडाचा मधला शेंडा सरळ वर जातो. त्याच्या बाजूंनी फुटणाऱ्या फांद्या मात्र आडव्या पसरून टोकाशी खाली झुकतात. त्यामुळेच झाडास शंकूसारखा आकार येतो. कलम केल्यावरही आडवी फांदी आपला स्वभाव सोडत नाही. तिच्या काडीचे कलम बुटके राहून आडवे पसरते. उभ्या फुटव्याच्या काडीचे कलम बीच्या रोपाप्रमाणे सरळ वाढते.

मग बीचीच रोपे का लावू नयेत? रातांब्यात नर व मादी झाडे बहुधा वेगळी असतात. बीपासून झालेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात व ती फळे देत नाहीत. फुले येईपर्यंत हा भेद ओळखता येत नाही आणि त्यासाठी ७-८ वर्षे थांबावे लागते. मादी झाडाच्या काडीचे कलम केल्यास हा धोका टळतो.

यास्तव पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. भरपूर व मोठी फळे देणारे, पावसापूर्वी फळे तयार होणारे मादी झाड निवडावे.

२. त्याच्या उभ्या फुटव्याचीच काडी घेऊन मृदकाष्ठ पद्धतीने कलम करावे. असे फुटवे थोडे असतात. शेंडा छाटल्यास नवे उभे फुटवे मिळू शकतात.

३. कलमे ६ × ६ मीटर अंतरावर लावावीत. परागीभवनासाठी दर दहा झाडांत एक नर झाड ठेवावे.

४. जोडाखाली खुंटावर येणारे फुटवे वेळोवेळी काढावेत.

५. पूर्वी लावलेले कलम आडवे पसरत असल्यास ते उपटू नये. त्यास काठीचा आधार द्यावा व जमिनीस टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. त्यासही फळे धरतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या जुन्या झाडाखाली शेतकऱ्यांना एकत्र जमवून या दोन्ही फांद्या प्रत्यक्ष दाखवाव्यात. काडी घेताना क्षणभर घेतलेली काळजी पुढील अनेक वर्षांचे नुकसान टाळील.