महिंद्रचा फुटबॉल संघ

आपल्या माहुलची पोरे फुटबॉल खेळतात. एका बाजूला अकरा गडी. गोलरक्षक सोडून इतरांनी खेळताना चेंडूला हात लावायचा नाही.

मुंबईत महिंद्र ही जीपगाड्यांची कंपनी. तिने 1962 साली आपला संघ काढला. पुढे त्याचे नाव महिंद्र युनायटेड झाले. कूपरेज मैदानावर तो खेळे. 2005-06 साली त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मुंबईचा संघ देशात पहिला आला!

पण 2010 साली कंपनीने संघ बंद केला. संघ चांगला होता. पण दोरी मालकाच्या हाती होती.

म्हणून आम्ही सांगतो, मंडळी, पोरांसाठी वस्तीचे मंडळ काढा. घरटी थोडी वर्गणी घ्या. हिशेब वहीत लिहा. आता तुम्हांला लिहिता येते ना? मग वही तुम्हीच ठेवा.