घराच्या भिंतीला पत्र्याची पडवी जोडताना



1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस मासेमारी बंद असते. जाळी, दोर, इंजिन सगळं घरी येतं. ते ठेवायला म्हणून मे महिन्यात घराला लागून पत्र्याची पडवी काढायची घाई सुरू होते. काम दोन-तीन दिवसांत उरकतं, पण पहिल्या पावसात भिंतीवरून पाणी आत उतरतं नाहीतर वाऱ्याने पत्रे सुटतात. म्हणून वेल्डरला काम सांगण्याआधी हे वाचा.

*1. भिंत कसली आहे ते बघा*

आपली जुनी घरं चिऱ्याची. काहींची जोडणी मातीची. चिरा वरून येणारं वजन पेलतो, ओढ मात्र सोसत नाही. ठोकून आवळायचा फास्टनर चिऱ्यात घातला तर दगड फुटतो. आज घट्ट बसला तरी वाऱ्याच्या हिसक्यांनी भोक सैल होत जातं. उद्या पडवी उडाली तर भिंतीचे चिरे घेऊन जाईल.

म्हणून जुन्या चिऱ्याच्या घराला पडवी *टेकवा, लटकवू नका*. भिंतीकडच्या बाजूलाही वेगळे खांब घ्या. ते भिंतीपासून फूट-दीड फूट सोडून उभे करा, घराच्या पायाखाली खणू नका. दोन-तीन खांबांचा खर्च वाढेल, पण घर सुरक्षित राहील.

घर काँक्रीटच्या खांब-बीमचं असेल तर भिंतीला आडवी लोखंडी पट्टी लावता येते. मात्र बोल्ट बीममध्येच जायला हवेत. नुसत्या गिलाव्यात किंवा विटेत मारलेला बोल्ट धरत नाही.

*2. वारा पत्रा खालून उचलतो*

तीन बाजूंनी उघड्या पडवीत वारा शिरला की तो वर जायला वाट शोधतो. ताशी 80 किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर एका चौरस मीटरवर साधारण 30 किलो पडतो. पत्र्याचं स्वतःचं वजन तेवढ्या जागेत 5 किलोच्या आसपास. 10 बाय 15 फुटांची पडवी म्हणजे 14 चौरस मीटर, म्हणजे चारशे किलोंच्या वर जोर झाला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मे 2021 मधलं तौक्ते वादळ आठवा.

पत्र्यावर दगड ठेवून हा जोर थांबत नाही, उलट ते दगड कोणाच्या तरी डोक्यात पडतात. खांबाखाली काँक्रीट हवं. दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा भरला तर एकाचं वजन साधारण 300 किलो होतं. पत्रा पाइपला, पाइप खांबाला, खांब काँक्रीटला, असा प्रत्येक जोड पक्का हवा. सगळ्यात कच्चा जोड असेल तिथूनच पडवी सुटते.

*3. ढाळ*

दर फुटाला किमान अडीच इंच उतार द्या. 10 फूट रुंदीला दोन फुटांवर उतार होतो. भिंतीकडे 9 फूट धरलं तर पुढे सात फुटांच्या जरा खाली येईल. माणूस जाळ्याचं ओझं घेऊन आत शिरतो, तेव्हा उंची आधी मोजा. याच पडवीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 1400 लिटर पाणी खाली येतं. ते शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये म्हणून पन्हळ लावा.

*4. भिंतीचा सांधा*

पत्रा भिंतीला भिडवून वर सिमेंटची गोल कड करतात. ती एक उन्हाळा टिकते. ऊन लागलं की पत्रा वाढतो, रात्री आकसतो, भिंत जागची हलत नाही. कडेला भेग पडते आणि पाणी आत येतं.

कौलांची वळचण पुरेशी उंच असेल तर पत्रा वळचणीखाली फूटभर सारा. पागोळ्या सरळ पत्र्यावर पडतात, भिंत फोडावी लागत नाही.

वळचण नसेल तर पत्र्याच्या वर सहा इंचांवर भिंतीत इंचभर खोल खाच पाडा. खाच गिलावा ओलांडून चिऱ्यापर्यंत जायला हवी, नाहीतर पाणी गिलाव्याच्या मागून उतरतं. खाचेत पत्र्याची वाकवलेली पट्टी घालून वरून सील करा. पट्टी भिंतीला घट्ट, पण खालच्या पत्र्यावर नुसती सहा इंच टेकलेली असू दे.

*5. गंज*

खारा वारा वेल्डिंगचा जोड आणि पाइपचं उघडं तोंड आधी खातो. पाइपची तोंडं बंद करा, जोड घासून रेड ऑक्साइड लावा, मग रंग द्या. स्क्रू रबर वॉशरचे, पत्र्याच्या उंचवट्यावर मारा. खांबाचा तळ जमिनीवर चार इंच काँक्रीटमध्ये उचललेला हवा, ओल्या जाळ्यांचं खारं पाणी तिथेच साचतं.

*6. परवानगी*

आपली बरीच घरं सीआरझेडमध्ये येतात. पडवी छोटी असली तरी आधी पंचायतीत विचारा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. बांधून झाल्यावर नोटीस आली तर खर्च दुप्पट.

वेल्डरला शेवटचे पैसे देण्याआधी पाइपाने दहा मिनिटं भिंतीवर पाणी मारा आणि आत जाऊन बघा. ओल दिसली तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. जून लागल्यावर कोणी वर चढत नाही.

शंका असेल तर संस्थेच्या कार्यालयात या, भिंतीचा फोटो आणि मापं घेऊन या.

– सचिव