मिरजेचं काम, साताऱ्याचं घर

तंतुवाद्यांचं काम मी मिरजेत शिकलो आणि साताऱ्यात दोन खोल्यांच्या घरात तानपुरा-सतारीची दुरुस्ती सुरू केली. हत्यारं बरोबर आणली होती, पण मिरजेची कोरडी हवा काही पिशवीत भरून आणता येत नाही. घरात असं काम मांडू पाहणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावं, म्हणून लिहितोय.

मिरजेत ही कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांचं नाव त्या परंपरेत आदरानं घेतलं जातं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांना लागणारा पंढरपूर-मंगळवेढा भागातला वाळवलेला भोपळा, तूणचं लाकूड आणि सरस या तिन्ही गोष्टींवर हवेचा थेट परिणाम होतो. मिरज पर्जन्यछायेच्या बाजूला, तर सातारा सह्याद्रीच्या जवळ. पावसाळ्यात इथली आर्द्रता कित्येक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते.

पहिल्याच पावसाळ्यात एका तानपुऱ्याच्या तबलीचा सांधा सुटला. पॉलिश केलेल्या दुसऱ्या वाद्यावर पांढरट झाक आली. लाखेच्या पॉलिशमधलं स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते, म्हणून हे होतं. गिऱ्हाइकाचं वाद्य म्हणजे त्याच्या गुरूंची आठवण असते, कधी आजोबांची असते. ते आपल्या घरात बिघडलं की झोप लागत नाही.

म्हणून जागा मांडण्याआधी घरातली हवा तपासा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. लाकडी वाद्यांना साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. बाहेरच्या ओल्या भिंतीला किंवा मोरीच्या भिंतीला वाद्य टेकवू नका. मधल्या भिंतीलगत, जमिनीपासून उंच मांडणी करा. बंद कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी वाळवा. सांधे जोडणं आणि पॉलिश ही कामं शक्यतो दिवाळीनंतर घ्या. पावसाळ्यात तारा बदलणं, जवारी काढणं, खुंट्या बसवणं यांसारखी कामं ठेवा आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

दुसरी गोष्ट धुळीची. पॉलिश पेपरनं घासताना उडणारा बारीक भुसा डोळ्यांना दिसत नाही, पण आईचा खोकला वाढला तेव्हा मला त्याची जाणीव झाली. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवलेलं आहे. घासायचं काम गच्चीवर किंवा व्हरांड्यात करा, मास्क लावा आणि भुसा झाडूनं उडवण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा. कामाचे कपडे स्वयंपाकघरात नेऊ नका.

तिसरी गोष्ट आगीची, आणि इथं तडजोड करू नका. स्पिरिटची वाफ खोलीच्या साध्या तापमानालाही पेट घेते. ती हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरते आणि गॅसच्या शेगडीपर्यंत किंवा देव्हाऱ्यातल्या समईपर्यंत पोहोचू शकते. पॉलिशच्या वेळी खिडक्या उघडा, चूल आणि दिवा दोन्ही विझवा. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, घट्ट झाकण लावून ठेवा, आणि घरात लागेल तेवढंच स्पिरिट आणा. सरसही उघड्या ज्योतीवर तापवू नका. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून तो पातळ करा.

सांगलीत कृष्णेकाठी राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी तळमजले बुडवले आहेत. जून उजाडण्याआधी वाद्यं आणि लाकूड वरच्या मजल्यावर हलवा. जागा नसेल तर पावसाळ्याच्या महिन्यांत काम कमी घ्या.

शेवटचं, घरच्यांशी बोलून वेळ ठरवा. रंध्याचा आवाज दुपारच्या झोपेच्या वेळी नको. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर पटाशी आणि कानस पसरू नका. हत्यारांची एक पेटी ठेवा. काम संपलं की सगळं तिच्यात जाईल आणि खोली पुन्हा घराची होईल. एवढं जमत नसेल तर बाहेर छोटा गाळा भाड्यानं घ्या. भाडं जाईल खरं, पण घरच्यांची तब्येत आणि गिऱ्हाइकाचं वाद्य दोन्ही सांभाळली जातील.