कोपी, खोली आणि कायदा

'प्रायव्हसी' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. रूम पार्टनरने मोबाईल हातात घेतला तरी आपण चिडतो. पण कायदा खासगीपण कशाला म्हणतो आणि ते कुणी मोडले तर काय करायचे, असे विचारले की बहुतेक जण गप्प. होस्टेलवर इतके जण एका छपराखाली राहतो, म्हणून हा विषय आपल्या सिलॅबसबाहेरचा समजू नका.

घर कशाला म्हणायचे?

आमच्या सणसरला शेजारीच भवानीनगरचा साखर कारखाना आहे. गाळप सुरू झाले की ऊसतोड मजूर येतात आणि कोप्या घालतात. वाकून आत शिरायचे, दाराला कडी नाही. मग अशा कोपीत कुणीही घुसले तर चालते का? नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९ सांगते की माणसाच्या राहण्याची इमारत, तंबू किंवा नाव यांत गुन्ह्याच्या, धमकावण्याच्या, अपमानाच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे हे गृह-अतिक्रमण आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कायदा भिंत किती जाड आहे ते बघत नाही, आत माणूस राहतो का ते बघतो. होस्टेलची खोलीही यात आली. मात्र हेतू महत्त्वाचा आहे. रेक्टर सर नियमाप्रमाणे खोली तपासायला आले तर ते अतिक्रमण नव्हे, बरं का!

भिवंडीची केस

१९६५ साली भिवंडीत एक पोलीस इन्स्पेक्टर रात्री एका बाईच्या झोपडीत शिरला. तिने तक्रार केली, खात्याची चौकशी झाली आणि त्याची नोकरी गेली. तो हायकोर्टात गेला. तिथे बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवले गेले आणि अशा बाईच्या एकटीच्या शब्दावर अधिकाऱ्याचे करिअर धोक्यात घालता येणार नाही, असे ठरले. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेले. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर' या नावाने ही केस ओळखली जाते. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचे म्हणणे नाकारले. बाई कशीही असो, तिला खासगीपण आहे. वाटेल तेव्हा कुणी तिच्या घरात शिरू शकत नाही, असे कोर्टाने सांगितले.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण झोपडीतल्या एका बाईने ही लढाई कितीतरी आधी सुरू केली होती. म्हणून "ती तसलीच आहे" असे कट्ट्यावर कुणी म्हणाले, तर त्याला ही केस सांगा.

चोरून बघणे

दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये चोरून बघणे व पाठलाग करणे हे वेगळे गुन्हे झाले. आज ती कलमे ७७ आणि ७८ आहेत. कलम ७७ मधल्या तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा.

१) स्त्रीला खासगी अवस्थेत नुसते चोरून बघणे हाही गुन्हा आहे. फोटो काढलाच पाहिजे असे नाही.

२) जागा बंद खोलीच हवी असे नाही. परिस्थिती पाहता जिथे आडोशाची अपेक्षा रास्त आहे, ती जागा पुरे. तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी असते तेव्हा पहाटे बायका साडीचा आडोसा धरून अंघोळी उरकतात. तिथे डोकावणाऱ्याला "उघड्यावरच तर होतं" असे म्हणून सुटता येऊ नये.

३) फोटो काढायला संमती दिली म्हणजे तो पसरवायला दिली असे होत नाही. पुढे पाठवणे हा गुन्हाच.

पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे कैद आणि दंड, दुसऱ्यांदा तीन ते सात वर्षे.

मुलांचे काय?

कलम ७७ फक्त स्त्रियांना संरक्षण देते. मग बाथरूममध्ये मुलाचा व्हिडिओ काढला तर? तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई आहे. ते कुणाही व्यक्तीसाठी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे रॅगिंगमध्ये घडले तर महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदाही लागतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय दोषी विद्यार्थ्याला कॉलेजातून काढले जाते आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. "गंमत केली सर" हे उत्तर फार महागात पडते.

आपण काय करायचे?

असे काही घडले तर त्या पोराचा मोबाईल हिसकावून व्हिडिओ डिलीट करू नका, पुरावाच जाईल. तो व्हिडिओ "बघ काय चाललंय" म्हणून पुढेही पाठवू नका. वेळ, जागा, कोण हजर होते ते लिहून ठेवा. रेक्टर आणि कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती यांना लेखी कळवा. समितीकडे साधारण तीन महिन्यांच्या आत जायचे असते. तातडीची मदत ११२ वर आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० वर मिळते. हद्द आमची नाही म्हणून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत.

आणि ज्याच्यावर ही वेळ आली त्याला किंवा तिला "तूच खिडकी लावायची होतीस" असे म्हणू नका. कोपीला कडी नसते, तरी कायदा तिला घर मानतो. आपणही निदान तेवढे मानू या.